तोरणमाळला घाट नाही

अक्काच्या बाबतीत मी दोनदा खोटं बोललो. दोन्ही खोट्यांमध्ये तेहेतीस-चौतीस वर्षांचं अंतर आहे आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं, घाट. दुसऱ्या खोट्याची गंमत आधी सांगतो. पहिल्याकडे वळायला मला थोडं बळ गोळा करावं लागेल.

अक्का माझी थोरली बहीण. धुळ्याला देवपूरमध्ये राहते, शाळेत शिक्षिका होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. आम्ही जळगावला. निवृत्तीच्या जेवणात कुणीतरी तिला विचारलं, आता काय करणार? ती म्हणाली, "एकदा तोरणमाळला जाऊन त्या तळ्याकाठी नुसतं बसायचंय. काही बघायचं नाही, काही शिकवायचं नाही." सगळे हसले. मी हसलो नाही. अक्का कुठल्याही डोंगरावर का जात नाही, हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. बाकीच्यांना एवढंच माहीत होतं की तिला घाट लागतो.

गेल्या डिसेंबरात मी ठरवलं, अक्काला तोरणमाळला न्यायचंच. आम्ही पाच जण, एक गाडी, एक रविवार. शनिवारी देवपूरला मुक्काम आणि सकाळी तिथून निघायचं. माझ्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं लगेच फोनवर 'निवांत रविवार' नावाचा ग्रुप काढला. त्या ग्रुपइतकी निवांतपणाची वाट कशानंच लावली नसेल. पहिल्याच दिवशी दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, विचारलं की त्यांची आरामखुर्ची टपावर बांधता येईल का. बायकोनं लिहिलं, खुर्ची आली तर भरिताचं पातेलं मांडीवर घ्यावं लागेल. दाजींनी लिहिलं, "मांडीवर घेतो, पण खुर्ची पाहिजे."

आणि मग अक्काचा फोन आला.

"भाऊ, तोरणमाळला घाट आहे का रे?"

"नाही ग. रस्ता जरा उंचावर जातो, एवढंच."

"उंचावर जातो म्हणजे? लिफ्टनं जातो?"

"हळूहळू जातो. कळतसुद्धा नाही."

ती म्हणाली, "बरं. मग येते."

फोन ठेवल्यावर मी घरभर नाचलो. बायको म्हणाली, "अहो, तिथं नागमोडी वळणांचा घाट आहे. रविवारी काय सांगणार?" मी म्हटलं, रविवारचं रविवारी. मग सगळ्या घरालाच त्या खोट्यात ओढलं. लेकीनं नियम केला की ग्रुपवर घाट, वळण, डोंगर आणि दरी हे चार शब्द बंद. दाजींना फोन करून सामील करून घेतलं, तर ते आमच्यापेक्षा पुढं गेले. त्यांनी अक्काला न सांगता तिची तालीम सुरू केली. तिला स्कूटरवर बसवून सोनगीरला नेलं, किल्ल्याच्या बाजूच्या चढावर दोनदा वर नेलं, दोनदा खाली आणलं आणि घरी सोडलं. बायकोला अक्काचा फोन आला.

"यांना काय झालंय ग? काल मला सोनगीरला घेऊन गेले. बोलले काही नाहीत. नुसतं वर-खाली, वर-खाली. येताना गजरा घेतला."

"म्हातारपणी प्रेम आलं असेल, अक्का."

"प्रेम यायचं तर सरळ रस्त्यावर यावं ना!"

बायको हसून हसून ओट्याला टेकली. मीही हसत होतो. पण त्या आठवड्यात हसता हसता मध्येच मनात येई, अक्का आली नाही, तर ही सहल कशासाठी? आणि ती आली आणि घाटात तिला त्रास झाला, तर ती माझ्याकडे पाहील. तेव्हा मी काय करेन, हे मला माझंच सांगता येत नव्हतं.

शनिवारी दुपारी आम्ही देवपूरला पोचलो. अक्काच्या अंगणात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजणं चाललं होतं, घरभर हिरव्या मिरचीचा ठसका होता. दाजींनी खरोखरच खुर्ची टपावर चढवून पाहिली. ती बांधल्यावर गाडी एखाद्या उमेदवाराच्या प्रचाराला निघाल्यासारखी दिसू लागली. शेजारची मुलं येऊन विचारून गेली की कोण उभं राहिलंय.

संध्याकाळी दिवेलागणीला अक्का म्हणाली, "आणा सगळ्यांच्या पिशव्या, खाण्याचं मी एकदाच नीट लावून घेते." आम्ही कोणी काही बोलायच्या आत तिनं बायकोची पिशवी ओट्यावर उलटी केली. तिच्यातून लिंबं निघाली. एक, दोन, चार नव्हे, चौदा लिंबं ओट्यावरून घरंगळत खाली गेली.

"एवढी लिंबं?"

"सरबताला," बायको म्हणाली.

"डिसेंबरात?"

अक्कानं मग लेकीची पिशवी घेतली. तिच्यातून मळमळीच्या गोळ्यांची दोन पाकिटं निघाली. माझ्या पिशवीतून आवळासुपारीचे तीन डबे. दाजी हळूच दाराकडे सरकत होते, त्यांना तिनं तिथंच थांबवलं. त्यांच्या पिशवीत जुन्या वर्तमानपत्रांची ही एवढी चवड होती, कारण पेपर पसरून त्यावर बसलं की गाडी लागत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. एकानं दुसऱ्याला पत्ता लागू दिला नव्हता. चौघांनी चार उपाय गुपचूप आणले होते.

अक्का शाळेत होती म्हणून एरवी छापील मराठी बोलते. खवळली की आमची घरची अहिराणी बाहेर येते.

"घाट नही ना? मग हाई औषधनं दुकान कसाले? बठ्ठाच खोटं बोली राहिनात मनासंगे!" म्हणजे आम्ही सगळेच तिच्याशी खोटं बोलत होतो.

दाजी म्हणाले, "तरी मी तुझी प्रॅक्टिस घेतली होती."

"कसली प्रॅक्टिस?"

"सोनगीरची."

मग अक्काला जे हसू फुटलं, ते तिला आवरेना. ती पाटावर बसली, पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आणि मी मेलीनं तो गजरा दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवला!" आम्ही सगळे हसत सुटलो. लेक जमिनीवर लिंबं गोळा करता करता तिथंच लोळली. मला वाटलं, सुटलो.

हसू ओसरलं तशी अक्का उठली, भरिताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "तुम्ही जा उद्या. मी घरीच बरी."

कुणाचंही ऐकेना. मी तिच्यामागे अंगणात गेलो. म्हटलं, त्रास होईल म्हणून घाबरतेस का? गोळी घे, आपण हळू जाऊ, थांबत जाऊ.

"उलटीचं काय घेऊन बसलास," ती म्हणाली. "उलटी होते आणि थांबते. उद्या गाडीत तुझी लेक असणार. तिच्यासमोर तू परत उठून दुसरीकडे बसलास, मला ओळखतच नाहीस म्हणालास, तर मी कुठं बघू?"

तिनं ऐकलं होतं. इतकी वर्षं तिनं ऐकलेलं होतं.

आता पहिलं खोटं. बारावी झालो तेव्हा मी अक्काकडेच राहत होतो. मी पास व्हावं म्हणून ती वणीच्या गडावरच्या देवीला नवस बोलली होती, तो फेडायला आम्ही एसटीनं निघालो. गाडीत योगायोगानं माझ्या कॉलेजची चार पोरं होती. गडाच्या घाटात अक्काला उलट्या सुरू झाल्या. खिडकीपर्यंत पोचायच्या आत एकदा साडीवर झालं, बाजूची माणसं नाक धरून ओरडू लागली. मी उठलो. पाणी आणायला नाही. मागच्या बाकावर त्या पोरांमध्ये जाऊन बसलो. त्यातल्या एकानं विचारलं, ती बाई तुझ्यासोबत आहे का रे? मी म्हणालो, "छे, कोण आहे कोणास ठाऊक." गडावर पोचल्यावर अक्कानं नळाखाली पदर धुतला, माझ्या नावानं नारळ फोडला आणि प्रसाद आधी मला दिला.

मी घरात गेलो. बायको, लेक आणि दाजी अजून लिंबांवरून हसत होते. मी म्हटलं, थांबा, मला एक सांगायचंय, आणि जसं घडलं तसं सगळं सांगितलं. लेकीकडे बघत सांगितलं, कारण तिच्याकडे बघणंच सगळ्यात अवघड होतं. ती उठून दारात आत्याजवळ जाऊन उभी राहिली. दाजींनी खूप वेळ चष्मा पुसला.

अक्का दारात उभी राहून ऐकत होती. मग ती आत आली आणि बायकोला म्हणाली, "पुऱ्यांची कणीक पाच जणांची भिजव." मला हुंदका आला. ती माझ्याकडे वळली.

"सगळ्यांना गोष्ट सांगितलीस. छान सांगितलीस. पण त्यात माझी माफी कुठं मागितलीस?"

खरंच मागितली नव्हती. एवढं सगळं बोलूनही तेवढंच राहिलं होतं. मी पायाशी राहिलेलं एक लिंबू उचलून ओट्यावर ठेवलं.

"अक्का," मी म्हणालो, "त्या दिवशी मला तुझी लाज वाटली. तू ऐकलं नसशील असं मी स्वतःला सांगत राहिलो, ते मला सोपं होतं म्हणून. तू माझी बहीण आहेस हे मी त्या पोरांना सांगायला हवं होतं. मला माफ कर."