भावोजींचा घरचा भोपळा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांनी चौतीस वर्षं नळांना, कडीकोयंड्यांना आणि सायकलींच्या हँडलांना मुलामा दिला. मळकं लोखंड तेजाबाच्या हौदात बुडवायचं आणि आरशासारखं करून बाहेर काढायचं, हा त्यांचा धंदा. गल्लीत त्यांना ‘चकचकीत’ म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, आणि माझी तर मुळीच नाही, कारण मी पडलो बायकोचा भाऊ.

निवृत्त झाल्यावर या माणसाने घरालाच मुलामा द्यायला घेतला. पानगळ सुरू झाली की बाह्या सरसावून बसायचे. विकतचं काही आणायचं नाही. थंडीच्या आत वर्षभराचं सगळं घरी करायचं. पाचोळ्याचं खत, चरबीचा साबण, मेणबत्त्या, टायरच्या चपला, फळ्या ठोकून खुर्च्या. साबणाने सुनेच्या हातांची सालं निघाली. खुर्चीवर मी एकदाच बसलो. खिळा कुठे लागला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण पुढचे चार दिवस मी जेवण उभ्याने केलं.

आणि नियम काय? जो ‘आवडलं नाही’ म्हणेल, त्याने ती वस्तू संपेपर्यंत एकट्याने वापरायची. मुलगा एकदा बोलून गेला की घरी केलेल्या जामला जळका वास येतोय. मुलगा तेव्हा तीस वर्षांचा, ऑफिसात चार माणसं त्याच्या हाताखाली. बाप रोज सकाळी समोर बसायचा आणि म्हणायचा, “खा साहेब, खा.” सात बरण्या होत्या. पाचव्या बरणीला साहेब रडले. तेव्हापासून त्या घरात ताटात काहीही पडो, सगळे एका सुरात म्हणत, “छान झालंय.”

आता एक गुपित सांगतो. भावोजींना चवच कळत नव्हती. तेजाबाच्या वाफांनी नाक आणि जीभ दोन्ही खाऊन टाकली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. कडक माणसं असल्या गोष्टी सांगत नाहीत. पण ताईकडून एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं, आणि हा माणूस कप संपवून म्हणाला, “आज जमलाय.” ताईने ते फक्त मला सांगितलं. आम्ही दोघं इतके हसलो की तिला भिंत धरावी लागली. म्हणजे पाहा, जे कडू की गोड हे स्वतःला कळत नाही, त्याबद्दल हा गृहस्थ सगळ्यांची परीक्षा घ्यायचा.

तर भोपळा. भावोजींनी आदल्या वर्षी मागच्या अंगणात खायच्या भोपळ्याची वेल लावली, आणि तिच्या शेजारीच कुंपणावर शोभेच्या भोपळ्यांची. ते छोटे, टणक, वाळवून दिवे करायचे. बियाणांच्या दुकानदाराने बजावलं होतं, “काका, घरचं बी धरणार असाल तर या दोन वेली लांब लावा. माश्या पराग इकडचे तिकडे करतात, पुढच्या वर्षीचं फळ कडू निघतं. कडू फळ खायचं नाही, विष असतं.”

“तुला पाकिटं विकायची आहेत,” भावोजी म्हणाले. आणि सगळ्यात मोठ्या भोपळ्याचं बी धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं.

दुसऱ्या वर्षी बावीस भोपळे धरले. दिसायला असे देखणे की रस्त्यावरची माणसं थांबायची. भावोजी हवेत. त्यांनी जाहीर केलं, “रविवारी सूप करायचं. सगळ्यांना आवडलं, तर पुढच्या वर्षी समोरचा वाफाही भोपळ्याला.”

समोरचा वाफा म्हणजे ताईची शेवंती. आमची आई गेली तेव्हा तिच्या अंगणातले शेवंतीचे चौदा गड्डे, मुळांसकट झुडपं, ताईने ओल्या फडक्यात बांधून आणले होते. त्या घरात भावोजींचा हात न लागलेली तेवढीच एक जागा. पानगळीत बाकी सगळं उघडंबोडकं व्हायचं तेव्हा ती फुलायची.

शनिवारी मी ताईला म्हटलं, “सरळ सांग की, आवडलं नाही म्हणून.”

“आणि बावीस भोपळे कोण खाईल? तू?”

मला भोपळा तसाही आवडत नाही.

रविवारी दुपारी टेबलाभोवती आम्ही पाच जण. भावोजी, ताई, मुलगा, सून आणि मी. सूप सुनेने केलं होतं, पण उभं राहून हुकूम सोडणारे भावोजी. पहिला चमचा तोंडात गेला मात्र, माझे कान गरम झाले. कडू म्हणजे किती? कारल्याने लाजून बाजूला व्हावं इतकं. जीभ आत पळून जायला बघत होती. लहानपणी आमची आई भोपळा चिरला की आधी कच्ची फोड चाटून बघायची आणि कडू निघाला तर गुरांनासुद्धा घालायची नाही, खड्डा करून पुरायची. मी ताईकडे पाहिलं. तिलाही तेच आठवलं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

भावोजी मात्र अर्धी वाटी संपवून बसले होते. “हं, बोला. साहेब?”

“छान झालंय, बाबा.” मुलाने रुमालाने तोंड पुसलं, रुमाल बराच वेळ तोंडावरच राहिला.

“सूनबाई?”

“छान. जरा वेगळी चव आहे, पण छान.”

“मेहुणे?”

“वा!” मी म्हणालो. दोनदा म्हणालो.

“आणि तुम्ही, बाईसाहेब?”

ताईने खिडकीतून शेवंतीकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या वाटीकडे पाहिलं.

“फारच छान,” ती म्हणाली. “अजून वाढू?”

आणि तिने काठोकाठ वाढलं. मग तिसऱ्यांदा वाढलं. तिने फुलं सोडून दिली, असं मला वाटलं. बहिणीला पन्नास वर्षं ओळखून इतकी मोठी चूक मी कधी केली नव्हती.

तिसरी वाटी संपवून भावोजी उठले आणि कुदळ घेऊन थेट समोर गेले. पुढच्या वर्षाची वाट कशाला पाहायची? कळ्यांनी भरलेले चौदाच्या चौदा गड्डे त्यांनी उपटून वाटेवर फेकले. शेवटचा फेकला आणि कमरेत वाकले. आधी वाटलं मुळं पाहतायत. मग ते ओकले, गुडघ्यांवर आले आणि कुशीवर पडून पोट धरून विव्हळायला लागले.

मुलगा फोन घेऊन धावला. “आई, गाडी बोलावू का?”

“बोलावशील,” ताई म्हणाली. “आधी झारी भरून आण. मुळं सुकतायत.”

आणि त्याने आणली! इतक्या वर्षांची सवय, हुकूम झाला की पाय आपोआप चालतात. ताईने पदर खोचला, नवऱ्याच्या पायांना वळसा घालून बसली आणि एकेक गड्डा परत लावायला लागली. मी गड्डे उचलून देत होतो. एक गड्डा भावोजींच्या हाताखाली अडकला होता. तिने त्यांचा हात उचलला, गड्डा घेतला आणि हात पुन्हा खाली ठेवला. ते म्हणत होते, “अगं… अगं…” ती माती दाबत होती. चौदावा लागला, पाणी घालून झालं, तेव्हा हात झटकून म्हणाली, “हं. बोलाव आता.”

नऊ दिवस हॉस्पिटलात काढले त्यांनी. आमची पोटंही रात्रभर मुरडली, पण आम्ही एकेक चमचा घेतलेला. डॉक्टर तरुण होते, चिडले. “आजोबा, इतकं कडू तुम्ही खाल्लंत कसं? तीन वाट्या?”

भावोजी क्षीण आवाजात म्हणाले, “पाच जण होतो. चौघं म्हणाले छान झालंय.”

“कडू होतं का?” डॉक्टरांनी ताईला विचारलं.

“विषासारखं,” ताई म्हणाली. “पण आमच्याकडे तसं सांगायची पद्धत नाही.”

भावोजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

घरी आले ते निम्मे होऊन. महिन्याभरात केसही गेले. उशीवर सकाळी झुपके सापडायचे. एकवीस भोपळे मुलाने खड्डा करून पुरले. दोन गड्डे मेले, बारा जगले, आणि उशिरा का होईना, फुलले. भावोजींची खुर्ची सुनेने खिडकीपाशी सरकवून दिली. तिथे शाल पांघरून बसतात. ताई समोर वाफ्यात काम करत असली आणि एखादा गड्डा ओळीबाहेर लागला, तर बोटाने काचेवर टकटक करतात. मी बागेत असलो तर वळून बघतो, हात हलवतो.

ताई वळत नाही.