वारा जास्त आहे, असं तिनं सांगितलं होतं

खून-दरोड्याचे तपास मी पुष्कळ केले. त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे घरी बसून आठवावं लागतं. पण शाळू ज्वारीच्या रानात आडवं पडलेलं ते निळं पॅराशूट आठवायला मला काही करावं लागत नाही. ते डोळ्यांपुढे आलं की अजून डोकं तापतं. संबंधित माणसं हयात आहेत, म्हणून नावं देत नाही.

सोलापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हद्दीत एक जुनी धावपट्टी होती. थंडीच्या दिवसांत एक खासगी क्लब तिथे तंबू ठोकून विमानातून उडी मारायचं प्रशिक्षण देई. पुण्या-मुंबईची मंडळी यायची, आपल्या भागातली हौशी पोरंही यायची. आमचा संबंध परवानगीच्या कागदांपुरता आणि पाहुण्यांच्या बंदोबस्तापुरता.

जानेवारीतला रविवार होता. मंडप घातलेला, पाहुणे बसलेले. दुपारी ठाण्यात फोन आला की उडी मारलेला एक मुलगा रानात पडलाय. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. मुलगा नातेपुत्याकडचा, शेतकऱ्याचा, नुकताच पदवीधर झालेला. त्याची ती पहिलीच एकट्याची उडी. नवशिक्याचं पॅराशूट विमानातून बाहेर पडताच आपोआप उघडतं, पुढे दोन बाजूंच्या दोऱ्या ओढून त्यानं ते मैदानाकडे वळवायचं असतं. हा मैदान सोडून लांब शाळूत उतरला आणि विहिरीच्या दगडी कठड्यावर डोकं आपटून गेला.

अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला. उजव्या बाजूची दोरी तुटलेली दिसली, तसं लिहिलं. पॅराशूट मुद्देमाल म्हणून जप्त केलं. पंच म्हणून जवळ उभी असलेली क्लबचीच दोन माणसं घेतली गेली होती. हे मला नंतर कळलं, तेव्हा माझ्या उपनिरीक्षकाला मी चांगलाच झापला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या फोनवर खबर आली. पुरुषाचा आवाज, भाषा शहरी. "त्या पॅराशूटची घडी कोणी घातली, ते विचारा. क्लबमध्ये एक मॅडम आहेत. मुख्य प्रशिक्षकांशी त्यांचं वाकडं आहे. त्यांना बदनाम करायला ती बाई कुठल्याही थराला जाईल." तिचा जुळे सोलापुरातला पत्ताही त्यानं सांगितला आणि फोन ठेवला.

खबर देणाऱ्यांशी माझा आयुष्यभर संबंध आला. खरा खबऱ्या आधी विचारतो, माझं नाव येणार नाही ना? मग अर्धवट सांगतो, चाचपतो, काहीतरी मागतो. हा माणूस पाठ केल्यासारखा एका दमात बोलला होता. मी कॉलचा तपशील मागवला. पण दोरी तुटलेली होती आणि क्लबच्या नोंदीप्रमाणे घडी तिनंच घातली होती, हे खरंच होतं. तिला बोलावणं भाग होतं.

ती तिशीतली. क्लबमध्ये प्रशिक्षक होती, शिवाय पॅराशूटच्या घड्या घालायची. महिला शिपाई शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. तेवढ्यात बाहेर गलका झाला. मुलाचे वडील आले होते, आणि कोणीतरी त्यांच्या कानावर ती गोष्ट आधीच घातली होती. ते दारातूनच ओरडले, "माझं पोरगं खाल्लंस गं तू! काय वाकडं केलं हुतं त्यानं तुजं?"

ती उठून उभी राहिली. वडिलांना बाहेर नेलं तरी बराच वेळ ती बसेना.

"घडी तुम्ही घातली?" मी विचारलं.

"हो. त्या दिवशीच्या निम्म्या घड्या माझ्या होत्या. बाकीचे सगळे नीट उतरले."

"मुख्य प्रशिक्षकांशी तुमचा वाद होता?"

"वाद नव्हता, सर. तक्रार होती. वाद हा शब्द त्यांचा."

"कसली तक्रार?"

"दोन होत्या. पहिली मुलींची. त्यांचे पट्टे आवळताना यांचा हात नको तिथे जातो. पट्टा कुठे आवळायचा ते मला माहीत आहे की, मी रोज आवळते. दुसरी वाऱ्याची. नवशिक्यांना किती वाऱ्यापर्यंत वर न्यायचं, ते ठरलेलं असतं. पाहुणे आले की हे ते पाळत नाहीत."

"क्लबनं काय केलं?"

"पहिली तक्रार केली तेव्हा म्हणाले, तू फार मनाला लावून घेतेस. दुसरी केली तेव्हा म्हणाले, पहिल्या तक्रारीचा राग काढतेस. मग हसण्यावारी न्यायला लागले. मी वारा मोजायचं यंत्र बाहेर काढलं की कोणीतरी म्हणायचं, आलं बघा हवामान खातं."

"मग क्लब सोडला का नाही?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "मी सोडला असता तर वारा कोणी मोजला असता?"

त्या रविवारी विमानाजवळ सगळ्यांसमोर तिनं सांगितलं होतं, वारा जास्त आहे, नवशिक्यांना खाली ठेवा. "कोणालाही विचारा," ती म्हणाली.

मी विचारलं. क्लबच्या प्रत्येक माणसाचा जबाब स्वतः घेतला. प्रत्येक जण म्हणाला, "इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही." शब्दसुद्धा तेच. माणसं विसरतात, पण प्रत्येक जण आपापल्या परीनं विसरतो. सगळे एकाच वाक्यात विसरायला लागले की ते वाक्य कुणीतरी दिलेलं असतं.

मुख्य प्रशिक्षक मात्र शांत होते. उंचेपुरे, बोलायला गोड. म्हणाले, "साहेब, हा धाडसाचा खेळ आहे. काही लोकांचा हा पिंड नसतो. त्यांना मी दोष देत नाही, विशेषतः लेडीजना." नंतर चहा पिताना मला म्हणाले, "तुमच्याकडेही लेडीज स्टाफ असेल. तुम्हाला सांगायला नको."  आमच्याकडेही असं बोलणारे होतेच, हे मला माहीत होतं.

मी पुन्हा त्या रानात गेलो. शाळूचा मालक बांधावर बसला होता. पहिल्या दिवशी त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. मी तुटलेल्या दोरीबद्दल विचारलं.

"तुटली न्हाय साहेब, मी कापली की इळ्यानं," तो म्हणाला. "पोरगं पडलं तरी ते कापड फुगलेलंच हुतं. वाऱ्यानं त्येला फराफरा वडत नेलं हिरीपतोर. मी पळत गेलो आन् गावली ती दोरी कापली, तवा कुटं कापड खाली बसलं. पर डोकं आदीच आपाटलं हुतं."

कापड फुगलेलं होतं, म्हणजे पॅराशूट नीट उघडलं होतं. घडीत खोट नव्हती आणि दोरीही आधी शाबूत होती. त्या मुलाला वाऱ्यानं मारलं होतं. तिच्यावरचा संशय त्या बांधावरच संपला. आता प्रश्न एकच उरला, एवढ्या वाऱ्यात त्याला वर कोणी पाठवलं आणि त्या माणसाला आधी कोणी सावध केलं होतं का.

ठाण्यात येऊन विमानातल्या माणसांचे जबाब पुन्हा काढले. त्या मुलाबरोबर विमानाच्या त्याच फेरीत जेऊरच्या एक बाई होत्या. केळीची बाग करणाऱ्या, पन्नाशीच्या. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं हौसेनं त्यांना उडी मारायला आणलं होतं. प्रशिक्षकाच्या अंगाला बांधून मारतात तसली उडी. जबाब मात्र त्यांच्या नवऱ्याचा होता.

"बाईंचा जबाब कुठाय?" मी हवालदारांना विचारलं.

"मालकांचा घेतलाय की साहेब. ते सोबतच होते."

"मालक विमानात होते का?"

हवालदारांनी कागद पुन्हा चाळला. मालक मंडपात होते.

जेऊरला गेलो तेव्हा बाई बागेतून आल्या, हात धुतले आणि आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. नवरा सांगायला लागला तसं त्यांनी त्याला थांबवलं. "तुमी हुता का तितं? मला सांगू द्या की."

"इंजिनाचा आवाज होता ना?" मी विचारलं.

"इंजिन मागनं चालू झालं. त्या पोरीनं हातातलं यंत्र दावलं आन् म्हनली, सर, वारं लई हाय, नव्या पोरास्नी खाली ठेवा. मोटं सर म्हनलं, म्याडमला घरी सैपाक करायचाय, म्हनून घाई हाय. समदी हसली."

"तुम्ही हे कोर्टात सांगाल?"

"सांगीन की." बाईंनी पदराला हात पुसले. "मी बी हसले, साहेब. बाई असून हसले. तेच आता गळ्यात आडाकतंय."

कॉलचा तपशील आला. निनावी फोन क्लबच्या छायाचित्रकाराच्या मोबाइलवरून झाला होता. त्याला बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्याचाच नंबर कागदावर लिहून पुढ्यात ठेवला. तो कागदाकडे बघत बसला. मी काहीच विचारलं नाही. काही माणसांना प्रश्न विचारला की ती खोटं बोलायला मोकळी होतात, गप्प बसलं की घाबरतात. शेवटी तो म्हणाला, "सरांनी सांगितलं होतं. पुढच्या मोसमात मला काम हवं होतं, साहेब." वाऱ्यावरून झालेलं बोलणंही त्यानं ऐकलं होतं.

निष्काळजीपणानं मृत्यू, भादंवि कलम ३०४-अ, असा गुन्हा दाखल करून मुख्य प्रशिक्षकांना अटक केली. कलम जामीनपात्र. तासाभरात ते सुटून गेले. जाताना माझ्याशी हस्तांदोलन करायला हात पुढे केला. मी फाइल हातात घेतली.

तिचा पुरवणी जबाब घ्यायला मी जुळे सोलापुरात गेलो. साधा फ्लॅट, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. तिला क्लबनं काढून टाकलं होतं आणि दुसरा कुठलाही क्लब दारात उभं करत नव्हता. पोलिसांत जाणारी बाई, अशी तिची ओळख झाली होती. खरं म्हणजे ती पोलिसांत आलीच नव्हती, तिला आम्ही बोलावलं होतं. वडील म्हणाले, "आम्ही हिला तक्रार करायला शिकवलं, साहेब. आता तिची आई विचारते, कशाला शिकवलंत?"

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. तपासी अंमलदार म्हणून साक्षीला गेलो. छायाचित्रकार फितूर झाला. खेळातले जाणकार आले आणि म्हणाले, वाऱ्याचा अंदाज हा अनुभवाचा भाग आहे, शिवाय मुलानं धोका मान्य करून सही केली होती. जेऊरच्या बाई ठाम राहिल्या, पण बचावाच्या वकिलांनी त्यांना फार वेळ दिलाच नाही. त्यांचा रोख तिच्यावर होता.

"आरोपीनं मुलींना गैर स्पर्श केला, अशी तक्रार तुम्ही आधी केली होती?"

"हो."

"म्हणजे तुमच्या मनात त्यांच्याबद्दल राग होता."

"दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून दोन्ही सांगितल्या."

"रागात माणूस वाढवून सांगतो. बरोबर?"

सरकारी वकिलांनी हरकत घेतली, ती नोंदवली गेली. पण मी न्यायालयात पुष्कळ बसलो आहे. त्या क्षणी खटला फिरला, हे मला दिसलं. त्या माणसाचा एक दोषच दुसऱ्या दोषाला ढाल म्हणून मिळाला होता. संशयाचा फायदा देऊन त्याला सोडण्यात आलं. अपील झालं नाही. आज तो दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या नावाच्या क्लबमध्ये शिकवतो.

हे प्रकरण मला काय शिकवून गेलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, समोर तक्रार आली की तक्रार करणारीला राग आहे का, हे आधी विचारू नका. राग असणारच. तिनं सांगितलेलं घडलं का, ते बघा. आणि जबाब त्याच माणसाचा घ्या, जो तिथे हजर होता. एवढं साधं आहे. तरी आमच्या ठाण्यात ते झालं नव्हतं आणि अजून पुष्कळ ठिकाणी होत नाही. दुसरंही एक सांगतो, पण ते त्यांना आवडत नाही. तिचं खोटं निघालं असतं तर लोकांनी कधीतरी तिला माफ केलं असतं. तिचं खरं निघालं, ते कोणी माफ केलं नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मुलाचे वडील तिच्यापुढे येऊन उभे राहिले. खटला चालू असताना त्यांना सगळं कळलं होतं. तरी काहीतरी उरलं होतं.

"पोरी," ते म्हणाले, "त्यो मोटा सर ऐकत नव्हता, म्हाईत हाय. पर तू माज्या पोराला का न्हाई सांगितलंस? त्येनं तुजं ऐकलं असतं."

 तिला हे सांगायचं नव्हतं, हे मला कळत होतं. तपासात मी तिला हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"सांगितलं होतं, काका. विमानाच्या पायरीवर त्याचा दंड धरून सांगितलं, आज जाऊ नकोस."

"मग?"

"हसला. म्हणाला, मॅडम, तुम्ही सगळ्यांनाच घाबरवता."

वडिलांनी टोपी काढून हातात धरली.  मग ते जिना उतरून एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. ती त्यांच्या मागे दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थांबली.