ओल्टमान्सांची लाइन

आयोवातल्या त्या गावात ऑर्फा विटकॉमला नावाने हाक मारणारी माणसं थोडी होती. बाकीच्यांसाठी ती 'सेंट्रल' होती. औषधाच्या दुकानावरच्या माडीवर टेलिफोनचा बोर्ड होता आणि त्याच्यासमोरच्या उंच स्टुलावर तिचं तारुण्य गेलं. कुणी घरून फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्या घराची छोटी पत्र्याची झडप खाली पडायची. मग ऑर्फा ऐकायची वाटी कानाला लावून विचारायची, "कोण हवंय?" आणि दोन घरांच्या मध्ये वायर जोडून द्यायची. डॉक्टर कुठे गेलेत, कुणाची गाय व्यायली, धान्याची गाडी उद्या येणार की परवा, हे सगळं गाव तिलाच विचारायचं.

गावाच्या उत्तरेला जर्मन लोकांची वस्ती होती. ऑर्फा जन्मायच्या आधीपासून ते तिथे होते. गेसीना ओल्टमान्स तिथलीच. विधवा बाई, एका पायाने अधू असलेला मुलगा हार्म, बदकं, हंस, मक्याची शेती. तिला सगळे टांटे गेसीना म्हणायचे, म्हणजे गेसीना मावशी. टेलिफोनवर टांटेचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. आवाज एवढ्या लांब जायचा म्हणजे ओरडायलाच हवं अशी तिची समजूत, त्यामुळे ती बोलायला लागली की ऑर्फा कानाची वाटी हातभर लांब धरायची.

टांटेची मुलगी फ्रीडा नदीपलीकडे ओको पीटर्सला दिलेली. दिवस मावळायच्या सुमारास टांटे तिला फोन करायची. पण आधी ऑर्फाची चौकशी ठरलेली असायची.

"सेंट्रल, तू जेवली?"

"अजून नाही, टांटे. सुटी झाली की."

"मग केव्हा जेवणार? हाडं राहिली तुझी. हार्मकडे अंडी पाठवते."

आणि खरंच पाठवायची. ऑर्फाचा खोकला वायरीतून ऐकून एकदा तिने हंसाच्या चरबीची बरणी पाठवली होती, छातीला चोळायला. ऑर्फाला आई नव्हती. ती आणि धाकटा भाऊ एव्हरेट, दोघंच. जेवलीस का म्हणून विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग अमेरिका जर्मनीविरुद्धच्या युद्धात उतरली आणि एव्हरेट फ्रान्सला गेला. गावातल्या जर्मन वाण्याने दुकानावरची पाटी रातोरात बदलली. शाळेतली जर्मन पुस्तकं मैदानात जाळली, तेव्हा ऑर्फाही बघायला गेली होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात राज्याच्या गव्हर्नरांचा हुकूम निघाला: शाळेत, चर्चमध्ये, रस्त्यावर, आगगाडीत आणि टेलिफोनवर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. हुकूम पाळला जातो की नाही हे बघायला गावात एक समिती झाली. लाकडाच्या वखारीचा मालक लायमन प्रॅट तिचा अध्यक्ष. प्रॅट वाईट माणूस नव्हता. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, गरिबांना थंडीत लाकडं द्यायचा. तो माडीवर आला आणि टोपी हातात धरून म्हणाला, "ऑर्फा, तुझ्या कानावर सगळंच पडतं. कोण काय भाषेत बोलतं, तेवढं सांगत जा."

"मी कुणाचं ऐकत नाही, मिस्टर प्रॅट. जोडते आणि सोडून देते."

हे खोटं होतं, सगळ्याच सेंट्रल थोडंफार ऐकतात. पण तिने कुणाचं नाव सांगितलं नाही. टांटे आणि फ्रीडा आपल्या गावठी जर्मनमध्ये बोलत राहिल्या. टांटेला इंग्रजीत मुलीशी बोलता आलंच नसतं. अंडी, जेवण, हवा आणि चर्च, एवढंच तिचं इंग्रजी.

जुलैच्या अखेरीस स्टेशनमास्तर तार घेऊन माडीवर चढला. एव्हरेट मार्न नदीच्या काठी लढताना मारला गेला होता.

चर्चमध्ये प्रार्थना झाली. ऑर्फा दुसऱ्याच दिवशी कामावर आली, कारण घरात बसवत नव्हतं. गावातले सगळे फोन करून दोन शब्द बोलायचे आणि मग ज्याच्यासाठी फोन केला त्याचं नाव सांगायचे. संध्याकाळी ओल्टमान्सांची झडप पडली. त्या दिवशी टांटे ओरडली नाही. "पोरी," एवढंच आधी म्हणाली. मग म्हणाली, "हार्म सूप आणेल. तू खाशील." ऑर्फाने बरं म्हणून फ्रीडाची लाइन जोडली आणि आपल्याला बोलणं ऐकू येतं ती बोर्डावरची किल्ली बंद केली नाही. ती ऐकत राहिली.

आधी टांटे हळू आवाजात काहीतरी सांगत होती. फ्रीडाही हळूच बोलत होती. मग फ्रीडा काहीतरी म्हणाली आणि टांटे हसली. मोठ्याने नाही, घशातल्या घशात. पण हसली. पाठोपाठ फ्रीडाही.

ऑर्फाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा भाऊ मातीत गेला आणि या हसतायत. तेही त्यांच्याच भाषेत. ज्यांनी मारलं त्यांच्या भाषेत.

हार्म सूपची किटली घेऊन आला तेव्हा तिने ती खालीच ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी जिन्यात प्रॅट भेटला. खोकल्याचं औषध घ्यायला आला होता, विचारायला आलेला नव्हता. ऑर्फाच म्हणाली, "ओल्टमान्सांची म्हातारी. रोज संध्याकाळी, पीटर्सांकडे."

एवढंच. कठड्यावरचा हातही तिने काढला नव्हता.

पुढचं सगळं तिच्या डोळ्यांआड झालं. ओल्टमान्सांच्या कोठाराच्या दारावर कुणीतरी पिवळा रंग फासला, देशद्रोह्यांची खूण म्हणून. टांटेला समितीपुढे उभं केलं. हार्म दुभाषी म्हणून गेला तर त्याला बाहेर बसवलं, कारण भाषांतर करायचं म्हणजे जर्मन बोलणं आलं. म्हातारीने प्रत्येक प्रश्नाला "येस सर" म्हटलं, ज्याला "नो सर" म्हणायला हवं होतं त्यालाही. समितीने हुकूम दिला, ओल्टमान्सांचा फोन काढून घ्या. लाइनमनने जाऊन वायर तोडली. बोर्डावरची त्यांच्या नावाची चिठ्ठी ऑर्फाने स्वतः नखाने खरवडून काढली. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. पुढे आयुष्यभर तिला त्या बरं वाटण्याचीच लाज वाटत राहिली.

ऑक्टोबरमध्ये फ्लूची साथ आली. शाळा, चर्च, सगळं बंद. मका शेतात उभाच राहिला, कारण खुडायला उभं राहील असं माणूस कुठल्याच घरात नव्हतं. बोर्डावरच्या झडपा पडतच राहायच्या आणि सगळ्यांना एकच डॉक्टर हवा असायचा. ऑर्फा तोंडाला फडकं बांधून सकाळी बसायची ती बसूनच असायची. बदली यायची ती मुलगीही आजारी पडलेली.

अशाच एका सकाळी ओको पीटर्सची झडप पडली. ओको एकेक इंग्रजी शब्द शोधून बोलत होता.

"सेंट्रल, प्लीज. फ्रीडा फार आजारी. बाळ आधीच आलं. बाळ बरं आहे. फ्रीडा आईला बोलावते. तिच्या आईला लाव."

"त्यांचा फोन नाही, ओको."

"माहीत आहे. कुणाला तरी सांग. मी घर सोडू शकत नाही."

ऑर्फाने ओल्टमान्सांच्या शेजारचं घर लावलं. तिथे सगळे तापाने पडलेले. त्यापलीकडचं लावलं. तिथल्या बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, रंग लावलेल्या दाराशी आमच्यातलं कुणी जाणार नाही, उद्या आमच्या दाराला लागेल. शेवटी ऑर्फाने प्रॅटला फोन केला, कारण मोटार त्याच्याकडे होती. आणि प्रॅट एका शब्दावर निघाला. म्हणाला, "आजारी माणसाची आई आहे ती, ऑर्फा. अशा वेळी कोण काय बघतं?"

तेवढ्यात ओकोची झडप पुन्हा पडली. ऑर्फाने सांगितलं की गाडी निघालीय, निरोप पोचतोय. पण फोनवर ओको नव्हताच. त्याने पलंग फोनच्या भिंतीपाशी ओढला होता आणि कानाची वाटी फ्रीडाच्या हातात दिली होती. फ्रीडाला तापात वाटलं असावं, पलीकडे आई आहे.

ती बोलायला लागली. आपल्या भाषेत, धापा टाकत, मध्येच थांबत. काहीतरी विचारत होती, कारण विचारून ती थांबायची आणि उत्तराची वाट बघायची. ऑर्फाला एक अक्षर कळत नव्हतं. बोर्डावर झडपा पडत होत्या, एकामागून एक. तिने सगळ्या तशाच ठेवल्या. मी सेंट्रल आहे, तुझी आई नाही, हे सांगायला तिने तोंड उघडलं आणि सांगू शकली नाही. फ्रीडा पुन्हा थांबली. वाट बघत होती.

"या," ऑर्फा म्हणाली. त्या भाषेत म्हणजे 'हो'; तेवढाच शब्द तिला येत होता. "या, या."

फ्रीडाने श्वास सोडला आणि पुन्हा बोलू लागली. आवाज बारीक होत गेला. मग नुसती खरखर, आणि ओकोचं रडणं.

प्रॅट टांटेला घेऊन पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. त्या प्रवासाबद्दल प्रॅट पुढे कितीदा तरी बोलला, की चिखलातून गाडी कशी काढली, म्हातारी कशी एकही शब्द न बोलता बसली होती. आपण एक चांगलं काम केलं असंच त्याला शेवटपर्यंत वाटलं, आणि त्या दिवशी केलंही होतं. आधीचं त्याच्या मनात कधी आलंच नाही.

नोव्हेंबरमध्ये युद्ध संपलं. थोड्याच दिवसांनी गव्हर्नरांचा हुकूमही उठला. ऑर्फाने कंपनीशी भांडून ओल्टमान्सांची वायर पुन्हा ओढून घेतली. पण ती झडप कधी पडली नाही. फोन करायचा तरी कुणाला?

वसंतात, रस्ते वाळल्यावर, ती चालत गेली. कोठाराच्या दारावर नवा लाल रंग होता आणि त्याखालून पिवळा अजून दिसत होता. टांटे स्वयंपाकघरात होती. शेजारच्या टोपलीत फ्रीडाची मुलगी झोपली होती. तिचं नाव हिल्का ठेवलं होतं. टांटेने चहा ओतला. त्या लोकांत पाहुण्याचा कप रिकामा झाला की पुन्हा भरतात, आणि पाहुण्याने कपात चमचा उभा ठेवला की समजायचं, पुरे. टांटेने पहिला कप ओतला आणि ऑर्फाचा चमचा स्वतःच उचलून त्यात ठेवला.

ऑर्फाला काय बोलायचं ते पाठ होतं. तरी अडखळत म्हणाली, "टांटे, समितीला मी सांगितलं होतं."

"मला ठाऊक आहे. इकडे मी, तिकडे फ्रीडा, मध्ये तू. आणखी कोण सांगणार?"

"त्या दिवशी तुम्ही हसलात. एव्हरेटची बातमी आली तेव्हा. कशाला हसलात?"

टांटेने बराच विचार केला. खरंच आठवून बघत होती. "माहीत नाही," ती म्हणाली. "आठवत नाही."

ऑर्फाला वाटलं होतं, काहीतरी कारण असेल. वाईट असतं तर राग धरता आला असता. चांगलं असतं तर रडता आलं असतं. काहीच नव्हतं. कधीतरी, कशावर तरी, आई आणि मुलगी हसल्या होत्या.

मग तिने दुसरं सांगितलं. शेवटी फ्रीडा फोनवर बोलली, आणि ती वायर आपल्याच हातात होती. टांटे उठून उभी राहिली.

"काय बोलली?"

"मला कळलं नाही."

"कळलं नाही, ठीक. ऐकलं ना? जसं ऐकलं तसं बोल."

ऑर्फाने प्रयत्न केला. हिवाळाभर तिने ते आवाज मनात धरून ठेवले होते. पण तोंडातून बाहेर पडताना त्यांचं काहीतरी भलतंच होत होतं. टांटे ओठांकडे बघत होती, एकेक आवाज स्वतःच्या तोंडात फिरवून बघत होती, मान हलवत होती. नाही. पुन्हा. नाही. फक्त एक शब्द तिला लागला, 'मुडर', म्हणजे आई. तो तर तिला सांगायलाच नको होता.

"इतकी वर्षं ऐकलंस," टांटे म्हणाली, "आणि काहीच शिकली नाहीस?"

ऑर्फा म्हणाली, मला माफ करा. ती रडत होती. टांटेने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मी काहीतरी बोलावं असं तुला हवंय, म्हणजे तू घरी जाऊन झोपशील. त्यासाठी लागतं तेवढं इंग्रजी माझ्याकडे नाही." आणि बाळ उठलं म्हणून तिकडे वळली.

ऑर्फाने लग्न केलं नाही. प्रॅटच्या पुतण्याने विचारलं होतं, तिने नाही म्हटलं आणि कारण दिलं नाही. बोर्डावर बसणं सोडलं नाही. नवीन मुली आल्या की त्यांना ती एकच गोष्ट कडकपणे शिकवायची: जोडलं की किल्ली बंद. मुली पाठीमागे हसायच्या, म्हातारीला चोरून ऐकण्याचं एवढं काय वावडं म्हणून.

हिल्का शाळेत जाऊ लागली तेव्हा कधीकधी औषधाच्या दुकानात यायची. ऑर्फा तिला गोड गोळ्या द्यायची. एकदा तिने विचारलं, आजीशी काय बोलतेस?

"फार काही नाही," हिल्का म्हणाली. "आजी म्हणते, खा. दार लाव. झोप. हंसांशी मात्र खूप बोलते, तिच्या भाषेत. ते मला कळत नाही."

"तुला नाही शिकवत?"

"बाबांनी सांगितलं होतं शिकव म्हणून. ती नको म्हणते. म्हणते, तू बोललीस आणि कुणी ऐकलं तर?"

त्या रात्री ऑर्फा जेवली नाही. फ्रीडाच्या मरणाला साथ जबाबदार होती, असं ती स्वतःला इतकी वर्षं सांगत आली होती आणि कधीकधी ते पटायचंही. याला दुसरं कुणी जबाबदार नव्हतं. त्या दिवशी ती जिन्यात कठड्याला हात लावून उभी राहिली होती, आणि त्या घरात आजी आणि नात एकमेकींसाठी मुक्या झाल्या होत्या.

ती पाद्र्याकडे गेली. म्हटलं, रविवारी दुपारी मुलांना जुनी भाषा शिकवा, मी खर्च देते. पाद्री भला होता. म्हणाला, "मी विचारून बघतो, मिस विटकॉम. पण म्हातारी माणसंच तयार होत नाहीत." त्याने विचारलं. तसंच झालं.

टांटे गेसीना गेली त्या वर्षी इतका दुष्काळ होता की कबर खणताना माती धुळीसारखी उडत होती. चर्चमध्ये सगळं इंग्रजीत झालं. तोवर तिथे दुसऱ्या भाषेत प्रार्थना सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ऑर्फा मागच्या बाकावर बसली. हार्म लंगडत पुढे गेला आणि वाकून आईच्या कानाशी काहीतरी बोलला. ओकोही बोलला. मग हिल्का गेली. चांगली उंच झाली होती, आईसारखी. ती बराच वेळ शवपेटीशी उभी राहिली. तिचे ओठ एकदा उघडले आणि पुन्हा मिटले. मग तिने आजीच्या हातावर हात ठेवला आणि काही न बोलता परत आली.

लोक रांगेने पुढे जात होते. प्रॅट, आता काठी टेकत, गेला. ऑर्फा उठली, रांगेपर्यंत गेली, आणि तिथून बाहेर पडली. माडीवर बदलीच्या मुलीला तिने घरी पाठवलं आणि स्टुलावर बसली. दफनाहून परतलेल्या घरांच्या झडपा एकेक करून पडायला लागल्या होत्या. ती विचारत राहिली, "कोण हवंय?", जोडत राहिली, आणि प्रत्येक वेळी किल्ली बंद करत राहिली.