एकवीस दिवसांचं पाणी

दिनानाथ मयेकर माझगावच्या एका छापखान्यात बाइंडर होता. सत्तावीस वर्षं त्याने दुसऱ्यांची पुस्तकं शिवली आणि त्यातलं एकही धड वाचलं नाही. कुणी छेडलं तर सांगायचा की पुस्तक कसं आहे ते पाठीवरून अंगठा फिरवला की कळतं, त्यासाठी आत कशाला जायचं? लोक हसायचे. पण त्याने शिवलेलं पुस्तक कधी सुटलं नाही, हेही तेच लोक सांगायचे. या अंगठ्यानेच पुढे त्याचा घात केला, पण ते सावकाश सांगतो.

छापखान्यापासून दहा मिनिटांवर त्याची खोली होती, दुसऱ्या मजल्यावर. घरात बायको किशोरी आणि मुलगी रेवा. इमारतीला चारी बाजूंनी लाकडी टेकू लावलेले. जिन्यातून जाताना अंग चोरूनच जावं लागे. एकोणनव्वद सालच्या जुलैत समोरच्या बाजूचा सज्जा कोसळला आणि त्याखाली तळमजल्यावरची एक बाई गेली. किशोरीने आदल्याच दिवशी तिच्याकडून विरजण आणलं होतं. ती वाटी परत करायची राहून गेली.

तेव्हापासून पावसाळा लागला की किशोरीची झोप उडायची. जूनपासून गणपती जाईपर्यंत ती रात्री भिंतीला टेकून बसून राही, नजर छताला आणि एक हात रेवाच्या अंगावर. दाराशी पत्र्याची ट्रंक भरून तयार. दिवसा मग बसल्या जागी डुलकी यायची, भाजी करपायची, दूध उतू जायचं. दिनानाथ ती करपलेली भाजी मुकाट्याने खायचा. घरमालकाकडे खेटे घालून झाले होते. तो म्हणे भाडेकरूंनी एकमत करून यावं, आणि भाडेकरूंचं एकमत फक्त घरमालकाला शिव्या देण्यावर होत असे.

किशोरीने उभ्या संसारात नवऱ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. त्या वर्षी मागितलं. "मोठं नको, मुंबईत नको," ती म्हणाली. "पावसात झोप लागेल असं घर बघा."

मग दिनानाथचे रविवार घर बघण्यात जाऊ लागले. जे परवडे ते दलदलीत असे, आणि जे कोरड्या जमिनीवर असे त्याचा आकडा ऐकून तो चहासुद्धा न घेता उठे. नवीन पनवेलच्या सेक्टरमधल्या घरांसाठी त्याने दोनदा अर्ज भरला, दोन्ही सोडतींत नाव लागलं नाही. शेवटी एक्क्याण्णव साली त्याला पळस्प्याच्या रस्त्याला, शेतांच्या कडेला एक इमारत सापडली. सापडली म्हणजे काय, जमिनीतून वर आलेले खांब होते आणि 'मंगलधाम' अशी पाटी होती. तळमजला धरून तीन मजले, दोन विंगा. दिनानाथने घड्याळ लावून प्रवास मोजला. मानखुर्दपर्यंत गाडी, पुढे बस, दाराला दार पावणेदोन तास. दोन वर्षांत रेल्वेच पनवेलला येणार, असं पानवाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळे छातीठोक सांगत होते. रेल्वे आली ती अठ्ठ्याण्णवला.

बिल्डरने त्याच्यापुढे जमिनीच्या कागदांची फाईल ठेवली. आता काय सांगावं! कापडी पाठ, दुहेरी दोऱ्याची शिलाई, कोपऱ्यांना चामडं. दिनानाथने ती हातात घेतली, पाठीवरून अंगठा फिरवला, टाके मोजले. सातबारा उघडून पाहिला, तो नीट बसवलाय ना हे बघायला. कागद इतके जपून शिवणारा माणूस फसवणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. छापखान्यातला काशिराम त्याला म्हणाला की सातबारा एखाद्या वकिलाला दाखव, गट नंबर जुळवून घे. दिनानाथला तो अपमान वाटला. फाईल मी स्वतः पाहिलीय, असं सांगून त्याने विषय मिटवला. फंडातले पैसे निघाले, किशोरीच्या पाटल्या गेल्या, आणि ए विंगमधला सगळ्यात वरचा फ्लॅट त्याच्या नावावर झाला.

सगळ्यात वरचा, कारण तो स्वस्त होता.  म्हणजे डोक्यावर थेट छतच की हो, किशोरी म्हणाली. दिनानाथने तिला शब्द दिला की छताचं मी बघतो.

शब्द दिला म्हणजे दिला. दर रविवारी तो पनवेलला जाऊन उभा राहू लागला. तिथे बुधाजी नावाचा गवंडी होता, जवळच्याच गावचा, साठीचा, बोलायला तुसडा आणि कामाला चोख. खालचे दोन स्लॅब पडले, म्हणजे ओतून झाले, तेव्हा दिनानाथने पाहिलं की टँकर आठवड्यातून दोनदाच येतो आणि स्लॅब उन्हात पांढरे पडतात. त्याने बुधाजीला विचारलं.

"पानी कोन मारील, भाऊ?" बुधाजी म्हणाला. "टँकरचं पानी माल कालवायला पुरत नाय. शिमेट तानेलं र्‍हायलं तर वरून टनक दिसतं, आतून भुगा. एकवीस दिस पाजाला लागतं. मंग त्याला काय होत नाय."

हे वाक्य दिनानाथच्या डोक्यात जाऊन बसलं.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये वरचा स्लॅब, म्हणजे त्याचं छत, पडायचं ठरलं आणि त्याने छापखान्यात रजेचा अर्ज दिला. साठलेली सगळी रजा. या रजेवर खरं तर किशोरीचा हक्क होता. गुहागरला तिची आई अंथरुणाला खिळली होती, आणि मे महिन्यात सगळ्यांनी मिळून जायचं, महिनाभर राहायचं असं दोन वर्षं घोकलेलं होतं. रजा इथे घालवतोय हे दिनानाथने तिला भीत भीत सांगितलं.  ती म्हणाली की आई पुढच्या वर्षी भेटेल, छत एकदाच पडतं. आई पुढच्या वर्षी भेटली नाही, ती मार्गशीर्षातच गेली. किशोरीने त्यावरून नवऱ्याला कधी एक शब्द ऐकवला नाही, आणि म्हणूनच दिनानाथला तो जन्मभर ऐकू येत राहिला.

एकवीस दिवस तो बुधाजीच्या पडवीत राहिला. बुधाजीची बायको गोदूबाई त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढायची आणि म्हणायची की एवढा शिकलेला मानूस आनि पानी भरतो. तो शिकलेला नव्हता, पण तिची समजूत त्याने मोडली नाही. शेजारच्या शेतात विहीर होती. तिथून पत्र्याचे दोन डबे खांद्याच्या काठीला लावून, फळ्यांच्या चढणीवरून तीन मजले चढायचे. स्लॅबवर बुधाजीने मातीचे वाफे बांधून दिले होते, ते भरायचे. ऊन ते प्यायचं, की पुन्हा खाली. कॉलमला गोणपाट गुंडाळलेलं, ते भिजवायचं. त्याच्या फ्लॅटवरचं छत ए विंगच्या छताचा चौथा भाग. पहिल्या दिवशी तेवढंच भिजवून तो थांबला, तेव्हा बुधाजी म्हणाला की स्लॅब सगळा एक असतो, त्याला तुमची भिंत कळत नाय. दुसऱ्या दिवसापासून दिनानाथने अख्ख्या विंगचं छत भिजवलं. बी विंगही भिजवावी असं त्याला वाटलं होतं, पण सत्तेचाळीस वर्षांच्या देहाला ते झेपलं नाही.

खांद्यावर काठीचा वळ घेऊन तो घरी आला. किशोरीने त्यावर हळद-तेल लावलं. पाऊस लागला तेव्हा ती म्हणाली की अजून एकच पावसाळा.

पुढे काम रेंगाळलं. प्लास्टर अर्धं झालं, खिडक्या आल्या नाहीत. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात बिल्डरच्या ऑफिसला कुलूप लागलं आणि गणपतीनंतर खालच्या कॉलमवर नोटीस चिकटली. जमीन रस्त्यासाठी राखीव होती, बांधकामाला परवानगीच नव्हती. फाईलमधला सातबारा खरा होता, शिक्काही खरा होता. फक्त तो शेजारच्या जमिनीचा होता. विहीर होती ना, त्या शेताचा.

काशिरामने ते कागद वाचले आणि फाईल मिटून ठेवली. तो काही बोलला असता तर बरं, असं दिनानाथला झालं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला आपल्या अंगठ्याकडे बघवेना. बाकीच्या घेणाऱ्यांबरोबर तोही अर्ज करत फिरला, पण उपयोग झाला नाही. पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत बुधाजीने गावच्या टेलिफोनवरून छापखान्यात निरोप दिला की उद्या पाडायला येतात.

किशोरी आली नाही. तिने डबा भरून दिला.

दिनानाथ पोचला तेव्हा दोन्ही विंगांवर घण चालू झाले होते. बी विंगचं छत दुपारच्या आत खाली आलं. घण बसला की पिठूळ धुरळा उठे आणि सळया उघड्या पडत. ए विंगवर मात्र आठ माणसं सकाळपासून लागली होती आणि ताटाएवढं भोक पडलं होतं. घण आपटे आणि परत उसळे. मजुरांचे हात सोलवटले. मुकादम वर जाऊन पाहून आला आणि बुधाजीवर खेकसला.

"ह्याला पाणी कुणी मारलंय? असा स्लॅब मी धरणाच्या कामावर बघितला होता."

बुधाजीने नुसतं दिनानाथकडे पाहिलं. दिनानाथला आनंद झाला. खरंच झाला, छाती भरून आली, आणि लगेच त्या आनंदाची इतकी शरम वाटली की त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने एक मजूर खाली येऊन प्यायला पाणी मागू लागला. टँकर आला नव्हता. विहिरीची वाट दिनानाथइतकी तिथे कुणाला ठाऊक होती? बुधाजीच्या घरून तेच दोन डबे घेऊन तो गेला आणि मजुरांना पाणी पाजलं. त्यांनी तोंडं धुतली आणि पुन्हा घण उचलले.

तिसऱ्या दिवशी यंत्र आणावं लागलं. तीन दिवस तो बुधाजीच्या पडवीत राहिला. शेवटचा तुकडा पडला तेव्हा बुधाजी त्याच्या शेजारी येऊन बसला. "भाऊ, माजं काम मी चाळीस वर्सं करतो," तो म्हणाला. "असं छत माज्या हातून दुसरं नाय झालं."  गोदूबाईने जाताना तांदूळ बांधून दिले.

घरी आला तेव्हा रेवा शिकवणीला गेली होती. किशोरी तांदूळ निवडत होती. तिने विचारलं की झालं का. दिनानाथने मान हलवली. सांगायचं नाही असं ठरवून आला होता तो, पण त्याला राहवलं नाही.

"आपलं छत लवकर नाही पडलं," तो म्हणाला. "बी विंगचं अर्ध्या दिवसात गेलं. आपल्याला तीन दिवस लागले. यंत्र आणलं, तेव्हा कुठे."

किशोरीचे हात थांबले. तिने वर, आपल्या खोलीच्या छताकडे पाहिलं. ओलीचा डाग होता तिथे, गेल्या पावसाळ्यातला.

"म्हणजे मला झोप लागली असती," ती म्हणाली.

आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.