अर्धी दाढी

उस्तादच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन. दारासमोरची उस्तादची, आतली धाकट्या भावाची. एकाच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा त्यांच्या बापापासूनचा दंडक. गिऱ्हाईक पेपर वाचत ताटकळेल, पण खुर्ची बदलणार नाही. असला हट्ट!

मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा उस्ताद ऑपरेशन करून आला आणि पुन्हा उभा राहिला. पोटावर शौचाची पिशवी, वर ढगळ ॲप्रन, जीभ तेवढीच तिखट. "मागचं दार कायमचं बंद, आता सगळा कारभार समोरून," असं स्वतःच सांगायचा. हसावं की नाही, ते गिऱ्हाइकाला कळायचं नाही.

दोन-अडीच वर्षांनी तो आजार उलटला आणि मूत्राशयात शिरला. लघवीत रक्त, जीव जाईल अशी आग, आणि कळ आली की आलीच. गालाला फेस लावून अर्धा गाल होतो न होतो, तोच उस्ताद वस्तरा ठेवून मागच्या मोरीत पळायचा. पेन्शनर मास्तर अर्ध्या दाढीने आरशात बघत बसायचे. फेस सुकायचा. धाकटा आपल्या खुर्चीशी कात्री चालवत राहायचा, तिकडे ढुंकूनही बघायचा नाही. परत आलेला उस्ताद काही घडलंच नाही अशा थाटात नव्याने फेस करायचा.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. मूत्राशय काढावं लागेल, पोटावर लघवीची दुसरी पिशवी येईल. आजार मुळासकट जाईल असं सांगता येत नाही, पण ही धावपळ थांबेल.

"काय ठरवलंत?" बायको रोज विचारायची.

"दोन पिशव्या लटकवून मंडईत निघालोय का मी?"

बायको हसायची नाही. आढेवेढे घेण्यात महिना गेला.

एकदा मागे बराच वेळ लागला. उस्ताद भिंतीला धरत बाहेर आला, तर मास्तरांच्या गालावर धाकट्याचा वस्तरा.

"त्यांची गाडी चुकली असती, दादा," धाकटा मान वर न करता म्हणाला.

उस्तादचं डोकंच फिरलं. वस्तरा हिसकावून घ्यावा असं वाटलं त्याला. पण हात अजून ओले होते आणि भिंत सोडवत नव्हती. तो बाकावर बसला आणि मास्तरांची दाढी पुरी होताना बघत राहिला.

घरी गेल्या गेल्या बायकोला म्हणाला, "डॉक्टरांना हो म्हणून कळव. एक तरी दाढी उभ्याउभ्या पुरी करायचीय मला."

ऑपरेशन झालं, मागोमाग केमोचे डोस झाले. उस्ताद सलूनमध्ये आला तेव्हा ॲप्रनमध्ये आणखी एक माणूस मावला असता. मास्तर बाकावर होतेच. पण धाकटा त्यांच्याआधी दारासमोरच्या खुर्चीत जाऊन बसला आणि मान मागे टाकली.

"आधी माझी कर, दादा."

डावा गाल झाला. उजवा झाला. कळ नाही, पळापळ नाही. उस्तादला इतका आनंद झाला की तो शीळ घालायला लागला. मग त्याची नजर आरशात गेली. धाकट्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. केमोने बोटांची टोकं बधिर झाली होती, वस्तरा कुठे टेकतोय ते त्याला कळलंच नव्हतं.

"लागलं?"

"छे! कुठे?"

"गाढवा, मला दिसतंय."

त्याने तुरटी दाबून धरली. रक्त थांबल्यावर उरलेली दाढी केसाकेसाने पुरी केली. मानेखालचा टॉवेल काढून धाकट्याच्या हातात दिला. मास्तर पेपरची घडी घालून सवयीने उस्तादच्या खुर्चीकडे निघाले.

"मास्तर, आत बसा," उस्ताद म्हणाला. "त्याच्या खुर्चीत."

"मला घाई नाही. तू जरा दम खा."

"दम खाऊन काही होणार नाही. आता त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

हे ऐकायला धाकटा आयुष्यभर आसुसला होता. आता मात्र त्याला ते ऐकवेना. टॉवेल तोंडावर धरून तो तसाच बसून राहिला.