हरलेल्या संघाचं भरीत

परवा पिंप्राळ्यात कुणीतरी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होतं. त्या वासानं मला थेट कॉलेजच्या फुटबॉल संघात नेऊन बसवलं. हंगामभर आम्ही इमानेइतबारे हरलो होतो. एक तरी सामना जिंकल्याशिवाय भरीत खायचं नाही, अशी शपथ कॅप्टननं सगळ्यांना घातली होती. धुळ्याचा शेवटचा सामनाही हरून, पाय ओढत आम्ही कॅप्टनच्या शेतावर पोहोचलो. त्याच्या वडिलांनी, नानांनी, भरीत करूनच ठेवलेलं. कुणी हात लावेना. नाना वैतागले, “वांगा भाजाई ग्यात! आते काय झाडले परत टांगू?”

निकालाची वाट न पाहता नानांनी मुद्दामच वांगी भाजली होती, हे आता कळतं. तेव्हा एवढंच दिसलं, की दमलेला कॅप्टन उठला आणि अख्ख्या हंगामात पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी पोहोचला, पातेल्यापाशी.