दादाच्या कमरेचं पिस्तूल

माझा मोठा भाऊ टेक्सासमध्ये राहतो आणि कमरेला पिस्तूल लावून दूध आणायला जातो. हॉस्पिटलच्या कॉफी रूममध्ये मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे हसले. मी भूल देणारा डॉक्टर, नॉटिंगहॅममध्ये पंचवीस वर्षं माणसांना शांतपणे झोपवत आलेलो. माझा सख्खा भाऊ असा असेल हे त्यांना खरं वाटेना. मग मी सांगितलं की बंदूक माझ्याकडेही आहे. त्यावर कोणी हसलं नाही. शेजारच्या नर्सने आपला कप उचलला आणि ती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

माझ्या बंदुकीची गोष्ट तशी निरुपद्रवी होती. एका सर्जन मित्राच्या नादाने मी गावाबाहेरच्या एका क्लबात जायला लागलो. रविवारी सकाळी शेतात उभं राहायचं, यंत्र मातीच्या तबकड्या आकाशात भिरकावतं, त्या दुनळी बंदुकीने फोडायच्या, एवढाच खेळ. पण तेवढ्यासाठी पोलिसांचा माणूस घरी येऊन तासभर बसला. त्यांनी माझ्या जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, माझं डोकं ठिकाणावर असल्याचं लेखी मागवलं, भिंतीत पक्कं केलेलं लोखंडी कपाट हलवून पाहिलं, आणि किल्ली कुठे असते हे घरात कोणालाही कळता कामा नये अशी तंबी दिली. बायको म्हणाली, तीस वर्षांत एवढी एकच गोष्ट तू माझ्यापासून लपवलीस, आणि तीही पोलिसांच्या सांगण्यावरून.

रस्त्याने बंदूक न्यायची ती खोळीत घालून. क्लबाच्या आवारात खोळीतून काढली की लगेच मोडायची, म्हणजे मधल्या बिजागरीवर उघडून नळ्या खाली झुकवायच्या, म्हणजे ती रिकामी आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला दुरून दिसतं. मिटलेली बंदूक घेऊन कोणी दोन पावलं जरी चाललं तरी तिथले म्हातारे शेतकरी त्याची चारचौघांत बिनपाण्याने करतात. माझीही एकदा झाली आहे. तेव्हा राग आला होता, पण नंतर मीच नवख्यांवर डाफरायला लागलो.

दादाचं निराळं. तो बासष्ट वर्षांचा, मधुमेही, सॉफ्टवेअरमध्ये जन्म गेलेला माणूस. पाचेक वर्षांपूर्वी त्याच्या गल्लीत चोरांनी एक घर फोडलं, तेही भरदिवसा. त्याला लागूनच्या दादाच्या घरात वहिनी एकट्या होत्या. त्या आठवड्यात त्याने पिस्तूल घेतलं. घेतलं ते घेतलं, पण त्याच्या राज्यात ते उघड लावून फिरायला परवानगी आहे, म्हणून पट्ट्याला अडकवून, शर्ट आत खोचून हा फिरायला लागला. त्याच्या शूटिंग रेंजवरच्या मंडळींत यावरून सरळसरळ दोन तट होते. निम्मे म्हणत, दिसू दे, दिसलं की चोर वाट बदलतो. निम्मे म्हणत, मूर्खा, दिसलं की चोर पहिली गोळी तुलाच घालतो. दादा पहिल्या तटाचा. तो तिथे वाद घालून यायचा आणि उरलेला वाद फोनवर माझ्याशी घालायचा.

मी दुसऱ्या तटाला जाऊन मिळालो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल. तो म्हणायचा, लपवतो तो चोर, मी कशाला लपवू. तुम्ही इंग्लंडवाले तर रिकामी बंदूकसुद्धा नव्या नवरीसारखी झाकून नेता. मी म्हणायचो, तुझा रंग बघ. कुठल्या तरी पेट्रोल पंपावर एखादा तरणा पोलीस तुला बघेल, त्याला सॉफ्टवेअर आणि मधुमेह दिसणार नाही, सावळा माणूस आणि पिस्तूल एवढंच दिसेल. मला खरोखर भीती वाटायची. म्हणून मी विनवण्यांवर उतरायचो. दादा, निदान शर्ट तरी बाहेर काढ, निदान झाकून तरी ठेव. पालथ्या घड्यावर पाणी.

मागच्या ऑक्टोबरमध्ये तो दोन आठवडे आमच्याकडे आला. वहिनी आल्या नाहीत, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पिस्तूल अर्थातच तिकडेच राहिलं. पहिले दोन दिवस तो चालताना उजवा कोपर अंगापासून थोडा लांब धरायचा, तिथे काही असल्यासारखा. बायकोने विचारलं, दादांचा खांदा दुखतो का. मी म्हटलं, नाही, सवय आहे.

रविवारी त्याला क्लबात नेलं. चहाच्या शेडमध्ये त्याने आपला लाडका विषय काढलाच. बाकीचे संकोचून बिस्किटं खात राहिले. इथे कोणाशी असहमत असलं की लोक हवामानाबद्दल बोलतात. दादाला वाटलं, आपला मुद्दा पटतोय. त्याने भिंतीला टेकून ठेवलेल्या मोडलेल्या बंदुकांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला की तुम्हीही उघडच वागवता की, मग तुमच्यात आणि माझ्यात फरक तो काय. क्लबाचे सेक्रेटरी, ऐंशीच्या घरातले निवृत्त शेतकरी, कपातला चहा संपवून शांतपणे म्हणाले, "आम्ही ती रिकामी आहे हे दाखवतो. तुम्ही ती भरलेली आहे हे दाखवता." दादा गाडीत बसल्यावर म्हणाला, म्हातारा चांगला आहे पण त्याने जग पाहिलेलं नाही. मी मनातून खूश होतो. आपली बाजू वरचढ ठरली याचा आनंद किती पोरकट असतो ते माझ्यावरून कळावं.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. ज्याच्यावर पोट भरतं ते हत्यार, म्हणून माझा स्टेथोस्कोप, बायकोचा लॅपटॉप, विळी, सुऱ्या, गाडीच्या किल्ल्या. बंदूक घेतल्यापासून तीही पाटावर यायची. बायकोला ते आवडत नसे. पडदे ओढल्याशिवाय ती निरांजन लावायची नाही. या वेळी दादा होता, सणासारखा सण होता, लख्ख ऊन पडलं होतं. तो म्हणाला, पडदे ओढून पूजा करायला आपण काय चोरी करतोय. मीही पडदे उघडले.

पूजा झाली. मग गाड्यांची पूजा करायला आम्ही बाहेर घरासमोरच्या ड्राइव्हवर आलो. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला. दादा म्हणाला, बंदूक आण, दोघा भावांचा एक फोटो होऊ दे, तुझ्या वहिनीला पाठवतो. मी पोलिसांच्या सगळ्या अटी पाठ असलेला माणूस. नवख्यांवर डाफरणारा माणूस. मी आत गेलो आणि बंदूक घेऊन आलो. रिकामी होती, हे सांगतो, पण आता त्याला काही अर्थ नाही. बंदुकीलाही झेंडूची माळ घालायची होती, आणि मोडलेल्या बंदुकीवर माळ राहीना, सारखी घसरून पडायची. शेवटी मीच ती मिटून दादाच्या हातात दिली. नळीवर कुंकू, आमच्या दोघांच्या हातांना कुंकू. बायकोने दारातूनच, कपाळाला आठ्या घालून, दोन फोटो काढले. समोरच्या फुटपाथवरून एक बाई कुत्रा घेऊन चालली होती. मी तिला हात केला. तिने केला नाही.

मी बंदूक आत नेऊन कपाटात ठेवली, कुलूप लावलं. नैवेद्य तयार झाल्यावर वीसेक मिनिटांनी मी वाटी घेऊन दारात आलो तेव्हा दादा चाकाखाली लिंबू ठेवायला वाकला होता. रस्त्यावर दोन गाड्या आवाज न करता थांबल्या होत्या. मला त्या दिसल्या आणि त्याच क्षणी ओरडणं ऐकू आलं. हत्यारबंद पोलीस, जागचे हलू नका, हात दाखवा.

दादा ताठ उभा राहिला, वळला, आणि त्याचा उजवा हात कुर्त्याखाली कमरेकडे गेला.

तिथे काही नव्हतं. ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत असणार. पण हाताला माहीत नव्हतं. तीन बंदुका त्याच्या छातीवर रोखलेल्या होत्या. तीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये माणसांची हृदयं थांबताना आणि परत चालू होताना पाहिली आहेत. इतका घाबरलो कधीच नव्हतो.

"दादा, हात वर कर," मी ओरडलो. मोठ्या भावावर मी जन्मात आवाज चढवलेला नव्हता. तो थबकला. मग दोन्ही हात वर गेले, तळवे लालभडक.

पुढचं सगळं रीतसर झालं. आम्हाला दोघांनाही गुडघ्यांवर बसवलं, बेड्या घातल्या, घर तपासलं. सार्जंट पूजेच्या पाटापाशी बराच वेळ उभा राहिला. स्टेथोस्कोपवर कुंकू, सुरीवर कुंकू, लॅपटॉपवर फूल. बायकोने त्याला सगळं समजावून सांगितलं, आवाज न चढवता, आणि त्यानेही तितक्याच शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या मते ते लोक अगदी बरोबर वागले. त्यांनी बंदूक आणि परवान्याचं सर्टिफिकेट ताब्यात घेतलं. बेड्या काढल्यावर सार्जंटने मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या भावाचा उजवा हात कुठे चालला होता.

मी म्हणालो, "कुर्ता सावरत होता. सवय नाही त्याला कुर्त्याची."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्याचा हात वेळेत थांबला," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो होतो. कोणी जेवलं नव्हतं. बायकोने सांगून टाकलं की बंदूक परत मिळाली तरी ती या घरात येणार नाही. मी मान डोलावली. मला तिची इच्छाच उरली नव्हती. मग मी दादाला विचारलं, तुझा हात कमरेकडे का गेला. तो पाण्याचा ग्लास फिरवत राहिला.

"तूच सांगितलंस ना त्यांना? कुर्ता सावरत होतो मी."

"मी तुला वाचवायला खोटं बोललो, दादा."

"मग झालं तर. आता विषय नको."

त्याचा चेहरा उतरलेला होता. मी आणखी ताणलं नाही. ताणायला हवं होतं. त्या घटकेला त्याने माझं काहीही ऐकलं असतं असं मला अजून वाटतं, पण भावाला आणखी लाजवावंसं वाटलं नाही. तीन दिवसांनी मी त्याला विमानतळावर सोडलं.

फोनवरचे वाद त्यानंतर बंद झाले. तो रेंजवरच्या गमती सांगेना, मी विचारीना. मला वाटलं, डोळे उघडले त्याचे. फेब्रुवारीत वहिनींचा फोन आला, दादा घरी नसताना केलेला.

"भाऊजी, तुमचं ऐकलं बरं का त्यांनी," त्या म्हणाल्या. "तिकडून आल्यापासून ओपन कॅरी बंद. शर्टाखाली लावतात आता."

मी म्हटलं, बरं झालं. त्या म्हणाल्या, "बरं कसलं. आधी घरात आले की दाराशी काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचे. माझ्या डोळ्यांसमोर असायचं. आता काढतच नाहीत. जेवताना असतं, टीव्ही बघताना असतं. परवा पोस्टमन अचानक दारात आला तर यांचा हात शर्टाखाली. मला कळतच नाही हो, कधी आहे आणि कधी नाही. तुम्ही सांगा ना, काढून ठेवा म्हणून. तुमचं ऐकतात ते."

मी सांगतो म्हणालो. फोन ठेवल्यावर मी पाच वर्षांतले आमचे सगळे वाद आठवून पाहिले. झाकून ने, शर्ट बाहेर काढ, दाखवू नकोस. काढून ठेव, असं मी त्याला एकदाही म्हणालो नव्हतो. बंदूकवाल्याने बंदूकवाल्याशी घातलेला वाद होता तो, आणि त्यात ती असावी की नाही हा प्रश्न आम्हा दोघांपैकी कोणालाच सोयीचा नव्हता.

रविवारी व्हिडिओ कॉल केला. दादा खुशीत होता. साखर आटोक्यात आली आहे, वहिनी काठीशिवाय चालायला लागल्या आहेत. मागे सोफ्यावर त्या बसलेल्या दिसत होत्या, माझ्याकडे बघत.

"दादा, आत्ता आहे का तुझ्या कमरेला?"

तो हसला. खुर्ची मागे सरकवून उभा राहिला आणि शर्टावरून हात फिरवून मला दाखवला.

"दिसतंय का तुला?"

"नाही."

"मग? हेच म्हणत होतास ना तू?"

वहिनींनी मान खाली घातली. मी हो म्हणालो. मी तेच म्हणत होतो.